अक्षता पडेपर्यंत

आपलं हृदय बंद पडलं होतं तेव्हा आजूबाजूची माणसं काय करत होती, हे पाहण्याचा हक्क कायद्याने आता प्रत्येकाला दिला आहे. बहुतेक लोक तो वापरत नाहीत. आपण वाचलो, एवढं त्यांना पुरतं. महिना उलटला की ते चित्रण आपोआप मोहरबंद होतं आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय कुणालाच उघडता येत नाही.

साताऱ्याच्या हेमलता काटकर यांनी ते महिना संपायच्या आदल्या दिवशी उघडलं. त्यांना फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. बाकी सगळ्यांबद्दल त्यांचा अंदाज झालेला होता.

हेमलताबाईंनी लग्न केलं नाही. बायकांना गाडी शिकवण्याचा वर्ग त्यांनी काढला तेव्हा लोक हसले होते. पुढे शहरातल्या निम्म्या बायका आपल्याकडे शिकल्या असं त्या सांगत. निम्म्या नसतील, पण मंडईपुढच्या सिग्नलला थांबलं की एखाद्या गाडीच्या खिडकीतून 'मॅडम' म्हणून हात हलायचाच. त्या धाकटा भाऊ प्रताप, भावजय सुजाता आणि भाची मृण्मयी यांच्याबरोबर राहत. मृण्मयी झाल्यावर सुजाता वर्षभर आजारी होती. ते मूल हेमलताबाईंच्या खांद्यावर वाढलं. शाळेतल्या मैत्रिणी आईचं नाव सांगायच्या तेव्हा मृण्मयी आधी आत्याचं सांगायची आणि मग दुरुस्त करायची.

बारामतीच्या शार्दूलशी मृण्मयीचं लग्न होतं त्या दिवशी, कार्यालयातल्या वधूच्या खोलीत, हेमलताबाई कोसळल्या.

घरच्यांची हकीकत अशी: अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या, आणि आनंदाच्या भरात आत्या खाली पडल्या. मृण्मयीचे मामा, डॉ. नंदकुमार जगदाळे, तिथेच होते. त्यांनी ताबडतोब भिंतीवरची हृदयपेटी लावली. एका झटक्यात ठोका परत आला. प्रतापरावांनी स्वतः धावत जाऊन पेटी आणली. ही हकीकत अतिदक्षता विभागाच्या बाहेर, लग्नातले उरलेले बुंदीचे लाडू वाटता वाटता, प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगितली गेली. सांगता सांगता ती गुळगुळीत झाली.

हेमलताबाईंना आठवत होतं ते एवढंच की त्या मृण्मयीच्या कपाळाला मुंडावळ्या बांधत होत्या. गाठ सैल पडली म्हणून पुन्हा बांधली आणि तिला गौरीहर पूजायला पाठवलं. त्यापुढे काही नाही. मंगलाष्टकं ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

*

हृदय बंद पडलं असं आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा खरं नसतं. ते बेशिस्त होतं. एरवी हृदयाच्या वरच्या भागातल्या एका इवल्याशा बिंदूतून विजेचा इशारा निघतो आणि सगळा स्नायू एकदम आवळतो. इशाऱ्यांचा गोंधळ झाला की स्नायूचा प्रत्येक धागा आपल्या मर्जीने थरथरू लागतो. हृदय हलत असतं, पण रक्ताचा एक थेंब पुढे ढकलत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो.

पेटीचा झटका हृदय सुरू करतो ही समजूतही चुकीची. झटका सगळी थरथर एका क्षणात थांबवतो. त्या शांततेत मूळ बिंदू पुन्हा ताबा घेतो. घेतला तर. दर मिनिटाला ही शक्यता सुमारे दहाव्या हिश्श्याने घटते. कुणी छाती दाबत राहिलं तर मेंदूला थोडं रक्त मिळतं आणि घसरण मंदावते. थांबत मात्र नाही. झटक्याला दुसरा पर्याय नाही.

या पेट्या तशा जुन्याच. नव्या पिढीच्या पेटीत दोन गोष्टी वाढल्या. एक म्हणजे कॅमेरा. झाकण उघडलं की तो सुरू होतो, रुग्णाची छाती पाहतो आणि पॅड नेमके कुठे चिकटवायचे ते मराठीत बोलून सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. पॅड लागले आणि हृदयात विजेची कसलीच हालचाल उरली नाही असं दिसलं, तर ती वेळ मृत्यूची अधिकृत वेळ म्हणून थेट सरकारी नोंदीत जाते. विम्याचे आणि वारसाहक्काचे खटले वर्षानुवर्षं चालायचे, ते मिटावेत म्हणून हा नियम झाला. हेतू चांगला होता.

नियम करणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. यंत्र वेळ अचूक नोंदणार म्हटल्यावर, ज्यांना वेळेची अडचण आहे ते यंत्र लावायलाच उशीर करणार. मृत्युपत्रावर सही व्हायची राहिली आहे, बढतीचा आदेश उद्या निघणार आहे, अशा घरांमध्ये पेटी भिंतीवरून खाली यायची आणि तिचं झाकणही उघडायचं. नंतर माणसं एकमेकांकडे बघत बसायची. आरोग्य खात्याने यावर एक परिपत्रक काढलं आणि जाणूनबुजून केलेला विलंब गुन्हा ठरवला. तपासायचं साधन एकच होतं, पेटीतलं चित्रण. ते वाचलेल्या रुग्णाच्या मालकीचं. त्याने चौकशी समितीकडे पाठवलं तर चौकशी. नाही तर नाही.

*

"तुमच्याकडे तेव्हा डॉक्टर हजर होते ना?" हृदयरोगतज्ज्ञ फरहाना मुलाणी यांनी तपासणीच्या वेळी विचारलं.

"होते. भावजयीचे भाऊ."

डॉक्टरांनी पडद्यावरचा आलेख पुन्हा पाहिला. चित्रण बघण्याचा अधिकार त्यांना नव्हता. यंत्राच्या वेळा मात्र दिसत होत्या. "झाकण उघडल्यापासून पॅड लागेपर्यंत नऊ मिनिटं गेली आहेत."

"आमचे लोक म्हणतात ताबडतोब लावलं."

"घाबरलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण डॉक्टरला राहायला हवं. तुमच्या डाव्या बाजूचा जो त्रास आहे तो याच मिनिटांमधला आहे. कुणी तरी छाती दाबत होतं म्हणून तुम्ही माझ्यासमोर बसला आहात. ज्याने दाबली त्याचे आभार माना."

डाव्या बाजूचा त्रास विचित्र होता. हात हलत होता, पाय चालत होता. पण डावीकडची वस्तू तिथे आहे हेच त्यांच्या लक्षात येत नसे. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहायची. घरी आल्यावर एकदा त्या अंगणातल्या गाडीत जाऊन बसल्या आणि क्लच कुठल्या पायाने दाबायचा हे त्यांना आठवावं लागलं. त्या उतरल्या, दार लावलं, आणि किल्ली प्रतापरावांच्या हातात दिली.

"बरं झालं," प्रतापराव म्हणाले. "आता आराम कर. पुष्कळ फिरलीस."

*

प्रतापरावांना त्या दिवसांत एकच घाई होती. शहरातल्या एका सेवाभावी मंडळाने 'जीवनरक्षक परिवार' म्हणून काटकर-जगदाळे कुटुंबाचा सत्कार ठरवला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. डॉक्टर नंदकुमार यांच्या दवाखान्याला तर ही जाहिरातच होती. अट एवढीच होती की रुग्णाने चित्रण मोहरबंद करून टाकावं, म्हणजे मंडळावर पुढे काही बालंट यायला नको.

"अंगठा लाव की ताई," प्रतापराव मोबाइल पुढे करत म्हणाले. "दोन बटणं आहेत. हे 'बंद करा'वालं दाब. संपलं."

"दुसरं काय आहे?"

"ते उजवीकडचं समितीकडे पाठवायचं. त्याच्याशी आपला काय संबंध?"

"बंद करायच्या आधी बघता येतं म्हणतात."

प्रतापरावांनी मोबाइल खाली घेतला. "काय बघणार? स्वतःला जमिनीवर पडलेलं? डॉक्टरीणबाईंनी ताण घेऊ नको म्हणून सांगितलंय."

स्वयंपाकघराच्या दारात सुजाता उभी होती. तिच्या उजव्या मनगटाला अजून पट्टा होता. लग्नात मुरगळलं, असं ती सांगत होती. "बघू नका वन्सं," ती म्हणाली. तिच्या आवाजात विनंती होती, धाक नव्हता. आणि ती लगेच आत गेली.

हेमलताबाईंनी मोबाइल ठेवून घेतला. नऊ मिनिटांचा हिशोब त्यांनी मनात मांडला होता. प्रतापकडून त्यांची फार अपेक्षा नव्हती. तो लहानपणापासून लोकांच्या नजरेला भिऊन जगला. नंदकुमार सभ्य होते, पण बहिणीच्या नवऱ्यापुढे मान वर करणारे नव्हते. प्रश्न मृण्मयीचा होता. त्या खोलीत मृण्मयी होती का? तिला माहीत होतं का? माहीत नसेल तर बाकीच्यांचं काहीही असो, अंगठा 'बंद करा'वर जाणार होता. लेकराच्या नव्या संसाराला गालबोट लागायला नको.

दुसऱ्या दिवशी प्रतापराव आणि सुजाता सत्काराच्या कपड्यांसाठी बाजारात गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि चित्रण सुरू केलं.

*

पहिल्यांदा छत दिसतं. मग कार्यालयाचे व्यवस्थापक भोईटे यांचा घामेजलेला चेहरा. पेटी जमिनीवर टेकते. कॅमेरा आपणहून वळतो आणि हेमलताबाईंना आपला स्वतःचा चेहरा दिसतो, तोंड अर्धवट उघडं, ओठ जांभळट. नव्या पैठणीचा पदर बाजूला. नंदकुमार गुडघ्यांवर बसून छाती दाबत आहेत. कोपरं ताठ, दाब खोल. काम चोख चाललेलं आहे.

पेटी बोलते, "रुग्णाच्या उघड्या छातीवर पॅड लावा. चित्रात दाखवल्याप्रमाणे लावा."

"साहेब, मी पाकीट फोडून देतो," भोईटे म्हणतात.

"भोईटे, तुम्ही पंगतीकडे बघा," हा प्रतापरावांचा आवाज. "घरचे डॉक्टर आहेत इथं."

"पण साहेब, पॅड..."

"जा म्हटलं ना! आणि बाहेर कुणाला बोलू नका. चक्कर आलीय म्हणा."

दार लागतं.

"नंदू, लावू नकोस अजून."

नंदकुमारांचे हात थांबत नाहीत. "का दाजी?"

"लावलं आणि सरळ रेघ आली तर? वेळ पडते नोंदीत. घरात सूतक. मुहूर्त तोंडावर आलाय, बाहेर हजार माणूस बसलंय, बारामतीहून बसा भरून आलीत माणसं. काय तोंड दाखवू?"

"शॉक बसला तर वाचतीलसुद्धा."

"आणि नाही वाचली तर?"

नंदकुमार काय म्हणतात याची हेमलताबाई वाट पाहत होत्या, जणू अजून काही बदलणार होतं. पडद्यावर नंदकुमार दाबत राहिले. नंतर त्यांनी वर न बघता विचारलं, "मुहूर्ताला किती वेळ आहे?"

हेमलताबाईंनी त्या वाक्यावर चित्रण थांबवलं, मोरीत जाऊन चूळ भरली, परत आल्या. त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललं नव्हतं. कुणाचा त्यांच्यावर राग नव्हता. लग्न लागेपर्यंत भात शेगडीवर मंद आचेवर ठेवावा तसं त्यांना ठेवलं होतं.

पुढे दार उघडतं. पैंजणांचा आवाज. मृण्मयी आत येते, मागोमाग सुजाता.

"बाबा, गुरुजी मामाला बोलावतायत. मला आणायला मामाच लागतो ना? आत्या कुठं..." आवाज तुटतो. "काय झालं? गेली?"

"नाही नाही. मामा बघतोय. तू जा, रडू नकोस, मेकअप जाईल."

"रुग्णाच्या छातीवर पॅड लावा," पेटी म्हणते. पेटीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, गर्दीत ऐकू जावा म्हणून.

"हे बाहेर ऐकू जातंय," मृण्मयी म्हणते. "शार्दूलची आत्या दारातच उभी आहे. बंद करा ना कुणीतरी."

"बंद होत नाही ते," नंदकुमार सांगतात.

मग कॅमेऱ्यासमोर एक हात येतो. कोपरापर्यंत मेंदी, मनगटात हिरवा चुडा. आदल्या दिवशी ती मेंदी सुकेपर्यंत हेमलताबाईंनीच तिला घास भरवले होते. हातात लोड आहे. लोड पेटीवर बसतो आणि पडदा काळा होतो.

काळ्या पडद्यातून मृण्मयीचा आवाज येतो. घोगरा, पण स्पष्ट. "फक्त अक्षता पडू देत, बाबा. मग काय करायचं ते करा." आणि लगेच, "आई, काजळ पसरलंय का गं माझं?"

यानंतर फक्त आवाज आहेत.

नंदकुमार बहिणीला सांगतात, "ताई, असं दाब. अजून जोरात. थांबू नकोस. वधूला उभं केलं की मी आलोच." त्यांची पावलं. प्रतापरावांची पावलं, नवरीचा बाप मांडवात दिसला पाहिजे म्हणून. वधूची आई अक्षतांच्या वेळी मांडवात जात नाही, आत तुळशीजवळ बसते, अशी त्यांच्याकडची रीत. त्यामुळे सुजाता कुठे आहे हे कुणी विचारणार नव्हतं. ती हेमलताबाईंजवळ राहिली.

तिच्या बांगड्या प्रत्येक दाबाबरोबर वाजतात. लोडाखाली पेटी सांगत राहते, पॅड लावा. बाहेर ध्वनिक्षेपकावर मंगलाष्टकं सुरू होतात. पहिलं गुरुजींचं. मग मुलाकडच्या एका बाईंचं, हौसेने रचलेलं, ज्यात दोन्हीकडच्या सगळ्या काका-मावश्यांची नावं गुंफलेली होती. मग सुजाताच्याच मावसबहिणीचं, चालीत न बसणारं, प्रत्येक ओळ दोनदा म्हटलेली.

"बास करा की गं बायांनो!" सुजाता एकटीच खोलीत ओरडते. मग हुंदका. मग पुन्हा बांगड्या. "उठा वन्सं. उठा. माझ्या लेकीच्या लग्नात नका जाऊ... आई गं, हात गेला माझा..." तिने दाबणं थांबवलं नाही. पॅड हाताशीच, पेटीत होते. ते तिने लावलेही नाहीत.

शेवटी वाजंत्री, टाळ्या, फटाके. दार धाडकन उघडतं. नंदकुमार ओरडतात, "काढ, काढ तो लोड!" पडद्यावर पुन्हा उजेड. पाकीट फाटल्याचा आवाज. पेटी म्हणते, दूर व्हा, झटका दिला जात आहे. पडद्यावर पुन्हा उजेड. एक धप्प आवाज. काही क्षण काहीच नाही.

"दाजी, ठोका आला! आला!"

आणि प्रतापराव, अक्षतांचे तांदूळ अजून टोपीवर, विचारतात, "वेळ किती नोंदली त्यात?"

*

हेमलताबाईंनी त्याच दुपारी लग्न लावणाऱ्या वामन गुरुजींना फोन केला. कारण सांगितलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लग्नाच्या दिवशी घरात कुणी गेलं तर लग्न थांबवावं लागतं का, गुरुजी?"

"देवक बसलं असेल, नांदी झाली असेल तर नाही," गुरुजी म्हणाले. "कार्याला प्रारंभ झाला की लग्न लागेपर्यंत सूतक बाधत नाही. तुमच्याकडे तर आदल्या दिवशीच देवक बसवलं मी."

"म्हणजे त्या दिवशी मी गेले असते तरी..."

"शिव शिव, असं बोलू नका. पण हो, लग्न लागलंच असतं. कुणी विचारलं असतं तर दोन शब्दांत सांगितलं असतं. अंतरपाट हातात घेऊन मी उभाच होतो. मला वाटलं मामा नटतायत म्हणून उशीर होतोय."

हेमलताबाईंनी फोन ठेवला. गुरुजींना विचारायचं तर आणखी एका माणसाला कळलं असतं. म्हणून घरच्यांनी विचारलं नाही. ज्या शास्त्रासाठी त्यांना थोपवून धरलं, ते शास्त्र काय म्हणतं हे बघण्याचीसुद्धा कुणाला गरज वाटली नव्हती. सूतक हे बोलायला सोयीचं कारण होतं. खरी भीती पंगत उठण्याची होती, बसा परत जाण्याची, आणि बारामतीत आपल्याबद्दल पुढची दहा वर्षं काय बोलतील याची.

त्या संध्याकाळी सुजाताने जेवण वाढलं. हेमलताबाईंनी ताटाकडे पाहिलं. उजवीकडे आमटी-भात, डावीकडे जे काही असेल ते. त्यांनी ताट सरकवलं.

"पाहिलंत," सुजाता म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"तुझ्या मनगटाचं मला कळलं. त्यासाठी तुझे उपकार आहेत."

सुजाता तोंडाला पदर लावून रडू लागली. "मी लावायला हवे होते, वन्सं. हात पुढे होईना. हे म्हणाले होते ना नको म्हणून."

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. "ऐकलं मी."

*

मृण्मयी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बाबांनी बोलावलं असणार हे उघड होतं. सासरहून येताना तिने हेमलताबाईंना आवडतात म्हणून कंदी पेढे आणले होते. मेंदी फिकी होऊन नारिंगी झाली होती. ती आली तशी हेमलताबाईंच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली, लहानपणी बसायची तशी. हेमलताबाईंना तो स्पर्श सहन होईना, आणि ढकलूनही देववेना.

"आत्या, बाबा म्हणतात तू अजून अंगठा लावला नाहीस. आज शेवटचा दिवस आहे ना?"

"मग?"

"आपोआपच बंद होणार आहे. पण तू आपणहून केलंस तर बाबांना बरं वाटेल. मामांचं पण टेन्शन जाईल."

"आणि तुझं?"

मृण्मयीने डोकं उचललं. "माझं काय?"

"मनू, उठून समोर बस." हेमलताबाईंनी मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला. "ऐक. सगळं. मध्ये बोलू नकोस."

नऊ मिनिटं फार मोठी असतात. मृण्मयी सुरुवातीला पडद्याकडे बघत होती. स्वतःचा हात पुढे येताना दिसला तेव्हा तिने मान फिरवली. काजळाचं वाक्य आलं तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बांगड्या, पेटीचा आवाज, मावशीचं मंगलाष्टक, आईचं ओरडणं, सगळं तिने बसून ऐकलं. शेवटी ती रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. हेमलताबाईंनी तिला तिच्या पहिल्या दिवसापासून रडताना पाहिलं होतं. खोटं रडणं त्यांनी ओळखलं असतं.

"मला वाटलं तू गेलीच आहेस," ती म्हणाली. "तुझा चेहरा... तू बघितलास ना तुझा चेहरा? मला वाटलं, गेलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटांनी काय फरक पडतो. तुलाच माझं लग्न बघायचं होतं. तूच म्हणायचीस ना, मनूच्या अक्षता बघितल्या की सुटले."

"गेलेय की आहे हे बघायलाच ते यंत्र असतं, बाळा."

"मला तेवढं सुचलं नाही गं!"

"लोड सुचला."

बाहेर पोर्चमध्ये प्रतापराव फोनवर सत्काराच्या निमंत्रणांबद्दल बोलत होते, हार कुणाकडून घ्यायचे, खुर्च्या किती. हेमलताबाई वाट पाहत होत्या. राग त्यांना येत नव्हता. अंगभर एक किळस मात्र पसरली होती, चिकट, हात धुऊन न जाणारी. तरीही त्यांनी आतल्या आत एक दार उघडं ठेवलं होतं. ही पोर पुढे जे बोलेल त्यावर सगळं अवलंबून होतं. ती म्हणाली असती, पाठव आत्या, तर त्यांनी पाठवलं नसतं. ती म्हणाली असती, डावीकडचं तुला खरंच दिसत नाही का गं, तरी त्यांनी अंगठा 'बंद करा'वर ठेवला असता आणि उरलेलं आयुष्य या घरात गप्प काढलं असतं. ती काहीच न बोलता नुसती बसून राहिली असती तरी.

मृण्मयीने पदराने डोळे पुसले. नाक ओढलं. दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आत्या, हे अजून कुणी ऐकलंय?"

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "आता ऐकतील."

आणि त्यांनी उजवीकडच्या बटणावर अंगठा ठेवला.